शेजारची वही

नऊ ओळींची हवेली. सातव्या ओळीपर्यंत मजल मारलेली आहे, आठव्या ओळीत एक धड खोली मिळाली की नवव्या ओळीतलं ते दार समोर. ‘ब्लू प्रिन्स’ या व्हिडिओ गेममध्ये बंद दारामागे काय आहे हे आधी ठरलेलं नसतं. दाराला हात घातला की तीन खोल्यांचे नकाशे पुढ्यात येतात, त्यांतली एक निवडायची, आणि जी निवडाल ती पलीकडे उभी राहते. तर तीन नकाशे येतात: क्लोजेट, लॅव्हेटरी, स्टोअररूम. तिन्हींना आत शिरायचं दार आहे, पुढे निघायचं नाही. हवेलीतली बाकीची दारं आधीच कुठे ना कुठे भिंतीला जाऊन थडकलेली. पावलं (दर खोलीला एक खर्ची पडतं) 11 शिल्लक, किल्ल्या दोन, रत्नं तीन, आणि यातलं काहीही कामाचं नाही. स्टोअररूम घेतली तर आणखी एक किल्ली, एक रत्न, एक नाणं मिळेल. म्हणजे उपाशी माणसाला रिकामी ताट-वाटी. दिवस संपवायचा. दुसऱ्या सकाळी सगळ्या खोल्या पुसलेल्या, खिसा रिकामा, आणि हातात पुन्हा 50 पावलं.

चिडचिड व्हायला हवी. होतेही. पण तिच्यासोबत काहीतरी हाती लागल्याची एक चोरटी भावना असते, आणि नेमकं काय लागलं हे पडद्यावर कुठेच दिसत नाही.

ते असतं कीबोर्डशेजारच्या वहीत. पाच उभ्या, नऊ आडव्या, असे 45 चौकोन आखलेले, त्यात खोल्यांची नावं कोंबलेली, काही खोडलेली, काहींपुढे प्रश्नचिन्ह. पेन्सिल तळहाताला घासून करडा झालेला कोपरा. मधेच कुणा पत्रातली एक तारीख, तिला गोल केलेला, आणि तो गोल का केला हे आता आठवत नाही. खेळाने रात्री सगळं पुसून टाकलं तरी हे पान त्याच्या आवाक्याबाहेर आहे. एरवी गेममध्ये प्रगती म्हणजे यंत्रात साठलेली गोष्ट: लेव्हल 30, तलवार अमुक, आरोग्य तमुक. इथे हवेलीत काही गोष्टी कायमच्या उघडतात खऱ्या, पण मुख्य भांडवल वहीत आणि डोक्यात. फाईल उडाली तर हळहळ वाटेल. वही हरवली तर रडू येईल.

वही घेऊन खेळणं हे काही आजचं नाही. 1981 सालच्या ‘विझर्ड्री’त तळघराचे दहा मजले होते, प्रत्येक मजला 20 गुणिले 20 चौकोनांचा, आणि नकाशा काढायचा तर आलेखाच्या कागदावर स्वतः. त्यात काही चौकोन असे, की पाय ठेवला की खेळ गुपचूप तुमचं तोंड फिरवायचा. समोरची भिंत तशीच दिसायची. तुम्ही उत्तरेला चाललोय समजून पूर्वेला चालत राहायचात आणि पुढचा सगळा नकाशा नव्वद अंशांत चुकायचा. कळायचं तेव्हा, जेव्हा कागदावरची भिंत आणि पडद्यावरचं दार एकाच जागी यायचं. मग रबर. तेव्हाच्या यंत्रांत जागाच इतकी थोडी होती, की बरंचसं खेळणाऱ्यावर सोपवण्यावाचून इलाज नव्हता. पुढे जागा आली तसा नकाशा आपोआप उमटू लागला, मग नकाशावर बाण आला, मग कोपऱ्यात छोटा नकाशा, मग चढता येईल अशा प्रत्येक कड्याला पिवळा रंग. प्रत्येक सोय आली तेव्हा हवीहवीशीच होती. पण एके दिवशी लक्षात आलं, की शंभर तासांच्या गेमात आपण जग पाहिलंच नाही, कोपऱ्यातला बाण पाहत होतो.

गेल्या दोन-तीन वर्षांतले जे खेळ पाहून खरोखर उठून बसावंसं वाटतं, त्यांच्यात मला एक धागा दिसतो. यंत्राला सगळं करता येत असताना, काय करायचं नाही हे त्यांच्या निर्मात्यांनी फार विचाराने ठरवलंय. चित्रांचा दर्जा, प्रकाशाचे परावर्तन, केसांची हालचाल, हे सगळं आता सरावाचं झालं. 2025 मध्ये ‘क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन 33’ने बक्षिसं लुटली आणि ती त्याला शोभतात, पाळीपाळीने चालणाऱ्या लढाईत शत्रूचा वार ऐन क्षणी परतवायला लावणं ही गंमत फार नेटकी जमली आहे. (आधी नुसतं चुकवायला शिका. चुकवायची मुदत सैल असते, परतवायची घट्ट. चुकवणं अगदी नेमकं जमू लागलं, की परतवण्याची वेळ हाताला कळते.) पण ती जुन्या घराची सुंदर डागडुजी आहे. मी म्हणतोय ते वेगळं.

‘ब्लू प्रिन्स’कडेच परत. टोंडा रॉस या माणसाने सुमारे आठ वर्षं यावर घालवली आणि एप्रिल 2025 मध्ये तो आला. नाव भरभर उच्चारलं की ‘ब्लूप्रिंट्स’ ऐकू येतं, एवढ्यावरून या माणसाचा स्वभाव ओळखावा. हवेलीत 45 खोल्या आणि शोधायची आहे ती 46 वी. नव्याने खेळणारा पहिले दहा दिवस एकच चूक करतो: नाकासमोर वर पळतो. प्रवेशद्वारापासून वरच्या ओळीपर्यंत सरळ गेलं तर अवघी आठ पावलं लागतात, मग 50 पावलं म्हणजे चैन वाटते. पण पावलं जाण्यात खर्च होत नाहीत, परतण्यात होतात. वरची वाट बंद झाली, की खाली उघडं राहिलेलं दार गाठायला सात-आठ पावलं, तिथून पुन्हा वर तितकीच. शिवाय वरच्या ओळींत कुलूपबंद दारं वाढत जातात, म्हणजे खाली उधळलेली किल्ली वर नडते. त्याहून महत्त्वाचं असं, की खोल्या पत्त्यांच्या गठ्ठ्यासारख्या येतात. आज एकदा बांधलेली खोली सहसा आज पुन्हा येत नाही. म्हणून बंद गल्लीसारख्या खोल्यांना तोंड वाकडं न करता त्या खालच्या दोन-तीन ओळींत, कडेच्या चौकोनांत मुद्दाम टाकून मोकळं व्हायचं. क्लोजेट तिसऱ्या ओळीत संपवलं असतं तर आठव्या ओळीत वाट अडवायला आलं नसतं. सुरुवातीला सांगितलेली ती संध्याकाळ दुर्दैवाने बिघडली नव्हती. सकाळीच बिघडली होती. हे खेळ कुठेही सांगत नाही. पाच-सहा दिवसांची पानं शेजारी ठेवली की पानंच सांगतात.

याच हवेलीत एक पार्लर, म्हणजे बैठकीची खोली आहे. टेबलावर तीन पेट्या: निळी, पांढरी, काळी. एकीत रत्नं, किल्लीने एकच उघडता येते, आणि झाकणांवर वाक्यं. नियम असा, की निदान एका पेटीवर फक्त खरं लिहिलेलं असतं आणि निदान एकीवर फक्त खोटं. त्या धर्तीचं एक कोडं घेऊ. निळीवर: रत्नं या पेटीत आहेत. पांढरीवर: रत्नं या पेटीत नाहीत. काळीवर: रत्नं पांढऱ्या पेटीत नाहीत. घाईचा माणूस निळी उघडतो, कारण ती ठासून बोलते. पण रत्नं निळीत धरली तर तिन्ही वाक्यं खरी ठरतात, आणि एक तरी पेटी खोटारडी हवी. पांढरीत धरली तर तिन्ही खोटी. उरली काळी. निळी खोटं बोलते, बाकीच्या दोघी खरं, नियम पाळला गेला. इथे बहुतेकांचा पाय घसरतो तो एकाच जागी: खरं बोलणाऱ्या पेटीतच रत्नं असणार असं मन परस्पर धरून चालतं. नियमात तसं कुठेही नाही. खरेपणा आणि ऐवज यांचा काही संबंध नाही. पुढे पुढे एकेका पेटीवर दोन-दोन वाक्यं येऊ लागतात आणि कोडं कुरकुरीत व्हायला लागतं. कागदावर तीन रकाने आखा, रत्नं कुठे धरलीत ते वर लिहा, खाली खरं-खोटं. मिनिटभराचं काम.

तीनचा आकडा या घराण्यात वारंवार भेटतो.

2018 च्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये जहाजावरच्या 60 जणांचं काय झालं ते शोधायचं असतं, आणि उत्तर बरोबर आहे हे खेळ लगेच सांगत नाही. तीन जणांची सगळी माहिती बिनचूक भरली, तेव्हाच ती तिघं एकदम पक्की होतात. हा निव्वळ छळ वाटतो, पण हिशेब करून पाहा. एकेकाला लगेच होकार मिळाला असता तर एका चेहऱ्यापुढे 60 नावं ओळीने लावून पाहिली की झालं. तीन चेहरे मिळून नावांचेच 60 गुणिले 59 गुणिले 58, म्हणजे 2,05,320 प्रकार होतात. वर मृत्यूचं कारण वेगळंच. अंदाजपंचे चालत नाही, बघावंच लागतं: कोण कुठल्या झुल्यात झोपतो, कुणाच्या बोलण्यात कुठला हेल आहे. तरीही फट ठेवलेली आहे, आणि ती मुद्दाम असावी. दोघं अगदी खात्रीचे हाताशी ठेवायचे आणि तिसऱ्यावर अंदाज लढवायचा. जानेवारी 2025 मध्ये आलेल्या ‘द रूटट्रीज आर डेड’ने हीच युक्ती उचलून एका श्रीमंत घराण्याच्या वंशवृक्षावर बसवली. साल 1998, फोनच्या तारेवरून कुरकुरत जोडलं जाणारं इंटरनेट, आणि प्रत्येक माणसाचं नाव, फोटो, व्यवसाय जुळवायचा. यात अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे शोधपेटीत संपूर्ण वाक्यं टाकणं. नाव टाका, पुस्तकाचं शीर्षक टाका, मासिकाचं नाव टाका. मिळालेल्या पानातलं प्रत्येक विशेषनाम हा पुढचा शोध. लग्नानंतर बदललेली आडनावं वहीत बाणाने जोडून ठेवली नाहीत तर दुसऱ्या पिढीपाशीच गुंता होतो. ‘द राइज ऑफ द गोल्डन आयडॉल’ (नोव्हेंबर 2024) थोडा मवाळ आहे. रिकाम्या जागा भरल्यावर तो एवढंच म्हणतो, की दोन किंवा त्याहून कमी चुकलंय. हे एक वाक्य आलं की हातातली ऐंशी टक्के गोष्ट पक्की झाल्याचा दिलासा मिळतो. पण तिथेच मोह होतो, शब्दांची अदलाबदल करून बघायचा. केली की सुटतं, आणि सुटल्याचं सुख मात्र मिळत नाही.

आता ‘बालात्रो’. वही लागत नाही, लागली तर मागच्या पानावर आकडेमोडीपुरती. फेब्रुवारी 2024 मध्ये लोकलथंक या टोपणनावाच्या एकट्या माणसाने आणलेला पत्त्यांचा खेळ, हातात आठ पत्ते, चार डाव, तीनदा पत्ते बदलायची मुभा. पहिला टप्पा 300 गुणांचा. समजा पाच बदाम जमले: एक्का, राजा, नव्वी, सत्ती, चव्वी. एकाच जातीचे पाच पत्ते म्हणजे फ्लश, त्याचे मूळ गुण 35, त्यात एक्क्याचे 11, राजाचे 10, मग 9, 7, 4. झाले 76. फ्लशचा गुणक 4. छहात्तर चोक तीनशे चार. एका डावात टप्पा पार, वर चार गुण. आता दोन जोकर घ्या, म्हणजे गुण वाढवणारी खास पानं. साधा जोकर गुणकात 4 मिळवतो. ‘द ट्राइब’ हा जोकर फ्लश असेल तर गुणक दुप्पट करतो. साधा डावीकडे ठेवला तर आधी 4 अधिक 4 आठ, मग दुप्पट सोळा, आणि 76 गुणिले 16 म्हणजे 1,216. नुसती जागा बदलली तर आधी दुप्पट आठ, मग अधिक चार बारा, आणि हाती येतात 912. तेच पत्ते, तेच जोकर, फरक 304 गुणांचा. जोकरांशिवायचा अख्खा डाव रांग चुकल्यामुळे गेला. जोकर डावीकडून उजवीकडे मोजले जातात, म्हणून मिळवणारे डावीकडे आणि गुणणारे उजवीकडे. हे एकदा अंगवळणी पडलं की आठव्या पायरीचा 1,00,000 चा आकडा तितकासा भेडसावत नाही. पैशाचंही तसंच: दर पाच डॉलरवर एक डॉलर व्याज, जास्तीत जास्त पाच. म्हणजे 25 डॉलर शिल्लक राहतील एवढं बघायचं, त्यावरचं खुशाल उडवायचं. नवशिके पहिल्याच दुकानात खिसा झाडून मोकळे होतात आणि चौथ्या पायरीला कडकी लागते.

पण मला यात भुरळ पडते ती एका न केलेल्या गोष्टीची. डाव टाकण्याआधी त्याचे किती गुण होतील हे खेळ सांगत नाही. यंत्राला तो गुणाकार करायला काहीच वेळ लागत नाही. तरी पडद्यावर फक्त दोन आकडे दिसतात, मूळ गुणांचा निळा आणि गुणकाचा लाल, आणि जोकरांची बेरीज तुमच्यावर सोडलेली. आधीच उत्तर दिसलं असतं तर आपण पत्त्यांची सगळी जुळवाजुळव आलटून पालटून मोठा आकडा निवडत बसलो असतो, कारकुनासारखे. आता आपण अंदाज करतो, पत्ते टाकतो, आणि जोकर एकेक थरथरत आकडा चढवत जातात तेव्हा श्वास रोखून बघतो. ती थरथर फुकट गेली असती.

‘अ‍ॅनिमल वेल’ याच्याही पुढे जातो. बिली बासो या एका माणसाने सात वर्षं खपून, स्वतःचं इंजिन लिहून केलेला हा खेळ मे 2024 मध्ये आला तेव्हा त्याचा आकार जेमतेम 33-35 मेगाबाइट होता. फोनवर काढलेल्या दहा-बारा फोटोंएवढा. अंधारी विहीर, ठिबकणारं पाणी, फुलबाजीसारखे उडणारे ठिपके, आणि हत्यार एकही नाही. हाती लागतात ती खेळणी. बुडबुडे काढायची कांडी, उडती चकती, यो-यो. बुडबुड्यावर उडी मारून वर चढता येतं. फेकलेल्या चकतीवर उडी मारून स्वार होता येतं. कुठेही लिहिलेलं नाही. ती शक्ती खेळणं हाती आल्या मिनिटापासून तुमच्याकडे असते, नसते ती कल्पना. त्यामुळे अडलं की नवी वस्तू शोधत भटकण्याआधी हातातल्या प्रत्येक वस्तूचा उपद्व्याप करून बघावा: पाण्यात टाकून, भिंतीवर आपटून, प्राण्यापुढे नाचवून. आणि खोल तळाशी एक थर असा आहे, जो एकट्याच्या वहीत मावतच नाही. एका भित्तिचित्राचा एकेक तुकडा वेगवेगळ्या खेळणाऱ्यांच्या वाट्याला येतो. अनोळखी लोकांनी आपापले तुकडे एकत्र आणून मांडल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. ही कल्पना वाचूनच अंगावर काटा येतो. प्रत्यक्षात बहुतेकांच्या वाट्याला तयार चित्रच आलं, हेही खरं. असल्या गोष्टी पहिल्या काही दिवसांत घडून जातात.

सगळंच काही गोड नाही. लपवणं ही धारदार गोष्ट आहे आणि ‘ब्लू प्रिन्स’ तिने स्वतःचाच हात कापून घेतो. कोड्याचं उत्तर चाळिसाव्या दिवशी वहीत स्वच्छ लिहिलेलं असतं. ते वापरायला दोन विशिष्ट खोल्या एकाच दिवशी लागतात. त्या येत नाहीत. एक्केचाळिसावा दिवस, बेचाळिसावा दिवस, तीच दारं, तीच सावकाश उघडण्याची हालचाल. कळलेलं असूनही करता येत नाही, यासारखा वैताग नाही, आणि इथे दोष खेळणाऱ्याचा नसतो. ‘आउटर वाइल्ड्स’ने 2019 मध्येच याहून सरळ वाट दाखवली होती: 22 मिनिटांनी सूर्य फुटतो, सगळं मूळपदावर येतं, पण जे कळलं ते पुढच्याच फेरीत ताबडतोब वापरता येतं. नशिबाला मध्ये घेतलं की दिवस रंगतो आणि शेवट रखडतो. यावर एकच तोडगा: एका उत्तरामागे दिवस जाळू नये. वहीत सुटायचे निदान तीन प्रश्न उघडे ठेवावेत, म्हणजे खोल्या पडतील त्यावरून आज कुठला धरायचा ते ठरवता येतं. शिवाय हा खेळ इंग्रजीतच अडकलेला आहे, कारण त्याची कितीतरी कोडी इंग्रजी स्पेलिंगवर उभी आहेत. अक्षर हललं की कोडं कोसळतं. त्या मानाने ‘चँट्स ऑफ सेनार’ मोकळा. त्यात सगळ्यांनाच परक्या असलेल्या लिप्या चित्रांवरून उलगडायच्या असतात, आणि त्यातल्या एका भाषेत अनेकवचन शब्द दोनदा लिहून होतं हे कळतं तो क्षण कुठल्याही भाषेच्या माणसाला सारखाच गुदगुल्या करतो.

वहीबद्दलही थोडं, कारण चुकीची वही नसलेल्या वहीपेक्षा वाईट. स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नये. तिसऱ्या दिवसापर्यंत दोनशे जमतात आणि दोनशे चित्रांत हवं ते सापडत नाही; लांबलचक पत्रांसाठी ते ठीक, बाकी हाताने. लिहिताना पाहिलेलं एका बाजूला, वाटलेलं दुसऱ्या बाजूला. ‘भिंतीवर दोन चित्रं: जहाज, मेंढी’ हे पाहिलेलं. ‘हा बहुधा संकेत’ हे वाटलेलं, आणि आठवड्याने वाटलेलंच पाहिल्यासारखं वाचलं जातं, तिथे घात होतो. दिवसाचा आकडा घाला. आणि या हवेलीत तरी खोलीचं नाव आणि ती कुठल्या चौकोनात होती, दोन्ही लिहा. काही गोष्टी खोलीला चिकटलेल्या असतात, काही जागेला. कुठल्या, ते सांगत नाही.

नवव्या ओळीतलं ते दार तसंही धक्का देऊन उघडत नाही. पुष्कळ दिवसांनी खोल्या नीट पडतात, माणूस तिथवर पोचतो, आणि दार बंद. त्याचे खटके भलत्याच खोल्यांत आहेत, ज्यांतल्या एकीवरून आपण तीनदा गेलेलो असतो. मागची पानं चाळली तर सहाव्या दिवसाच्या कोपऱ्यात आपल्याच अक्षरात सापडतं: ‘इथे काहीतरी ओढायचं? बघू नंतर.’ खाली गोल केलेली ती तारीख. पलीकडच्या पानावर नवीन 45 चौकोन आखायचे, पेन्सिलीला टोक करायचं.

50 पावलं.